राणी फार प्रश्न विचारते

चाचणीला तीन दिवस असताना श्रीधर केळुसकर एकटाच कुडाळला गेला, आणि गेला तो मित्राची तक्रार करायला.

तो स्वतः याला तक्रार म्हणत नव्हता, ही गोष्ट वेगळी. एसटीत बसल्यापासून त्याने मनाची समजूत घालून ठेवली होती, की हे आपण पुरसोच्या भल्यासाठी करतोय. पुरुषोत्तम माडये ऊर्फ पुरसो. चौतीस वर्षं दशावतारात श्रीधर राजा आणि पुरसो राणी. लुगडं नेसून, अंबाडा घालून पुरसो रंगमंचावर आला, की पुढच्या रांगेतल्या बायकासुद्धा आपला पदर सारखा करायच्या. अशा माणसाची चारचौघांत शोभा होऊ द्यायची नाही, एवढाच श्रीधरचा हेतू होता.

सिंधुसागर लोककला केंद्राच्या संचालक डॉ. मृणाल घोरपडे मूळच्या कोल्हापूरच्या, वयाने श्रीधरच्या मुलीएवढ्या. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंतही श्रीधरला दम निघाला नाही.

"मॅडम, पुरसोचं नाव चाचणीतून काढा. मी एकटा उभा राहतो. समोर राणी म्हणून कोणालाही द्या."

"का हो काका?"

"त्याला आताशा आठवत नाही." बोलून टाकल्यावर श्रीधरला जरा हलकं वाटलं. "आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं, तुम्हाला माहीतच आहे. मेकअपच्या खोलीत मालक पंधरा मिनिटं कथा सांगतात, बाकी सगळं तिथल्या तिथे मनाने बोलायचं. आता हा कथाच विसरतो, आणि मग राणीच्या तोंडून मला प्रश्न विचारत बसतो. 'नाथ, त्या दुष्टाने कपटाने राज्य घेतलं आणि आपण वचनापायी वनात निघालात, हे खरं ना?' मी उत्तर देऊन वेळ मारून नेतो. दोन वर्षं सांभाळून घेतोय त्याला. पण तुमच्या यंत्रासमोर कसं सांभाळणार?"

मृणालने हातातलं पेन खाली ठेवलं. तिची नजर मागच्या कपाटाकडे गेली. मग म्हणाली, "नाव काढायचं तर लेखी द्यावं लागेल, काका. आणि मला त्यांना विचारावं लागेल."

श्रीधर घुटमळला, पण त्याने लिहून दिलं. परतीच्या एसटीत त्याला छान झोप लागली.

*

यंत्राचं प्रकरण दोन वर्षांपूर्वी, २०३७ साली सुरू झालं. वाडोशीच्या देवस्थान कमिटीने जत्रेला दशावतार मंडळ न बोलवता एका कंपनीकडून प्रकाशाचे नट आणले. हवेत उभे राहणारे, पुरुषभर उंचीचे राजे आणि राक्षस. हवं ते आख्यान, हव्या त्या नटाच्या आवाजात, आणि तेही दर वर्षी नवं. माणसं बघत बसली, टाळ्याही पडल्या. पुढच्या वर्षी आणखी तीन गावांनी तेच केलं. दशावतारी मंडळांच्या पायाखालची वाळू सरकली.

कुडाळचं केंद्र तेव्हा जागं झालं. यंत्राला शिव्या देऊन काही होणार नाही, हे मृणालने पहिल्याच सभेत सांगितलं. यंत्राला काय जमत नाही ते शोधू, आणि ते ज्यांना जमतं त्यांना राखू, असं तिचं म्हणणं. त्यातून 'नवलांक' आला.

कल्पना तशी साधी होती. केंद्राकडे अकरा वर्षांतल्या खेळांची ध्वनिमुद्रणं होती, हजारो तासांची. ती सगळी एका भाषायंत्राला ऐकवली. यंत्राला अर्थ कळतो की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. यंत्र करतं एवढंच, की प्रत्येक शब्द ऐकला की पुढचा कोणता येईल यावर पैज लावतं. सभेत मृणालने नटांना विचारलं होतं, "'नाथ, मला तहान...' पुढे काय?"

"लागली!" सगळे एका सुरात ओरडले.

"झालं. नवल शून्य. आणि राणी म्हणाली, 'नाथ, मला तहान आठवते', तर?"

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही.

"आत्ता तुम्ही जसे थांबलात, तसं यंत्रही थांबतं. पैज हरतं. जितक्या पैजा हरेल, तितका त्या नटाचा नवलांक जास्त. नुसती असंबद्ध बडबड करून तो वाढत नाही बरं का. कथेशी जुळलेलं असूनही यंत्राला सुचलं नसेल, तरच धरतो."

ज्या जोडीचा नवलांक चाळिसाच्या वर, त्या मंडळाला जिवंत रंगभूमीचा दाखला. त्यांच्या ठरलेल्या जत्रांत प्रकाशाचे नट आणायचे नाहीत, असं अठ्ठावन्न देवस्थान कमिट्यांनी लिहून दिलं होतं. चाळिसाच्या खाली आलेल्यांना कोणाचा आधार नव्हता. म्हणजे श्रीधरच्या मंडळातल्या अकरा माणसांचं पुढचं सगळं या एका चाचणीवर होतं.

*

चाचणीच्या सकाळी केंद्राच्या सभागृहात पुरसो आधीच येऊन बसलेला. नऊवारी नेसून, कपाळाला कुंकू लावून. त्याला बघताच श्रीधरच्या कपाळावर आठी पडली. बाईने आपला कागद केराच्या टोपलीत टाकला वाटतं!

"काय रे, तोंड असां कित्या केलंस?" पुरसोने विचारलं.

"कायेक नाय. तू आज प्रश्न कमी इचार, इतक्यांच."

पुरसोने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कानातली कुडी घालायला घेतली. "बघूया," तो म्हणाला.

कोणाला तयारी करता येऊ नये म्हणून आख्यान केंद्रानेच नवं रचलं होतं. मृणालने ते मेकअपच्या खोलीत सांगितलं. राजा धीरकेतू, राणी सुलक्षणा, कपटाने राज्य घेणारा सेनापती, आणि वनवासात निघालेली दोघं. श्रीधरने मान डोलावली. अशी आख्यानं त्याने पाण्यासारखी प्यायली होती.

सभागृहात इतर मंडळांचे नट, कमिट्यांची माणसं, मिळून शंभर-सव्वाशे जण होते. रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा. नट तोंड उघडायच्या आधी यंत्राची पैज तिथे पिवळ्या अक्षरांत उमटायची. पैज जिंकली तर अक्षरं तशीच राहायची, हरली तर पुसली जायची. नटांनी मागे वळून बघायचं नाही, एवढाच नियम.

पेटी वाजली, मृदंगावर थाप पडली. श्रीधर छाती काढून पुढे आला. मुकुट डोक्यावर चढला की त्याचं वय वीस वर्षांनी उतरायचं.

"नाथ," पुरसो राणीच्या आवाजात म्हणाला, "ज्या सेनापतीला आपण पोटच्या पोरासारखं वाढवलंत, त्यानेच आपल्याला नगराबाहेर काढावं, आणि आपण त्याच्यावर शस्त्रही उगारू नये? दिलेला शब्द राज्यापेक्षा मोठा असतो का हो?"

आला प्रश्न! श्रीधर मनात चरफडला. तरी त्याने हात उंचावला. "देवी, दिलेला शब्द राज्यापेक्षा मोठा असतो!"

सभागृहात हसू फुटलं. पुरसोला हसताहेत, श्रीधरला वाटलं. बिचारा.

"मग या काट्यांच्या वाटेला मी राजमार्ग समजायचं, की तुमच्या पायांना विचारायचं?"

"देवी, या काट्यांच्या वाटेलाच राजमार्ग समज."

पुन्हा हसू. या वेळी मोठं. मग तिसऱ्या उत्तराला कमी, आणि चौथ्याला कोणीच हसलं नाही. श्रीधरला ही शांतता ओळखीची नव्हती. चौतीस वर्षांत लोक हसले होते, रडले होते, एकदा दगडही आले होते. असे डोळे खाली घालून कधी कोणी बसलं नव्हतं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा नट तोंडावर पंचा धरून बसला होता.

पुरसोने पुढचा प्रश्न विचारला आणि श्रीधरने, नियम मोडून, मागे वळून बघितलं.

भिंतीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: देवी, सत्य हेच माझं सिंहासन आहे.

हे वाक्य त्याच्या जिभेवर होतं. त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. आणि त्याच्या वर, एकाखाली एक, त्याने आत्तापर्यंत बोललेली सगळी वाक्यं जशीच्या तशी उभी होती. एकही पुसलेलं नव्हतं. पुरसोच्या नावाखालचा भाग मात्र पुसून पुसून रिकामा पडला होता.

श्रीधरने वाक्य गिळलं. दुसरं काहीतरी बोलायचं, यंत्राला तोंडघशी पाडायचं! तो शब्द शोधू लागला. कोणतं राज्य? कोणी घेतलं? आपण कुठे निघालोय? डोक्यात काहीच नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखं कोरं. त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं वाक्य पुसलं गेलं आणि तिथे एकच शब्द उमटला.

मौन.

आपण गप्प बसणार, हेसुद्धा यंत्राला आधी कळलं होतं.

"नाथ," पुरसो हळूच पुढे आला आणि त्याने राजाचा हात हातात घेतला, "आज प्रथमच आपण मला उत्तर दिलं नाहीत. म्हणजे आज प्रथमच आपण मला काही विचारलंत." आणि तो एकट्याने पुढची दहा मिनिटं बोलत राहिला, दोघांचंही. भिंतीवर पिवळी अक्षरं उमटत होती आणि पुसली जात होती.

*

"नावं उलटी लागलीत," मृणालच्या खोलीत शिरताच श्रीधर ओरडला. मुकुट अजून डोक्यावर होता. "तुमच्या माणसांनी आमच्या दोघांची नावं उलटी लावलीत!"

"बसा, काका. दाखला मिळाला तुम्हाला. जोडीचा नवलांक सेहेचाळीस."

"आणि वेगवेगळा?"

"त्यांचा त्र्याऐंशी. तुमचा नऊ."

मग तिने टेबलावरच्या पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. अकरा वर्षांच्या. श्रीधरची रेघ पहिली नऊ वर्षं वरच होती, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. मग ती उतरायला लागली होती, खेळागणिक, जराही न चढता. आणि ती जिथे उतरायला लागली, नेमकी तिथूनच पुरसोची रेघ चढली होती.

"ते कथा विसरत नाहीत, काका. ते प्रश्नात तुमचं उत्तर ठेवतात. आणि दर वेळी अशा जागी ठेवतात, की बघणाऱ्याला दिसू नये. पहिल्यांदा यंत्रालाही कळलं नव्हतं." तिने रेघांवरचं बोट उचललं. "मी डॉक्टर नाही, यंत्र तर नाहीच नाही. पण रेघ अशी उतरते तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं लागतं."

श्रीधर खुर्चीत बसला. आठवलं ते एवढंच, की तीन दिवसांपूर्वी याच टेबलावर त्याने पुरसोविरुद्ध कागद लिहून दिला होता. सांभाळून घेतोय म्हणाला होता! लाजेने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण इतकं हलकं वागू शकतो, हे त्याला आज कळत होतं.

दार ढकलून पुरसो आत आला. लुगडं तसंच, पण खोबरेल तेलाने अर्धा चेहरा पुसलेला. एका गालावर राणी, एका गालावर पुरसो.

"कधीपासून ह्यां?" श्रीधरने विचारलं.

"दोन वर्सां होतली."

"आणि तू माका सांगूक नाय? चवतीस वर्सां येका ताटात जेवलांव आपण!"

पुरसो दुसऱ्या खुर्चीत टेकला. "सांगलंय," तो म्हणाला.

"कधी?"

"तीन येळा."

श्रीधरने मृणालकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती.

"पयल्यांदा आंबोलीच्या घाटात, चायच्या टपरीर. तू रडलंस. दुसऱ्यांदा तुझ्या घराकडे, सुमती वयनी थंय होती. डाक्टराकडे तीच घेवन गेली तुका. सकाळची ती पांढरी गोळी प्रेशराची नाय, श्रीधर. आणि तिसऱ्यांदा हयसरच. तू बसलंस त्याच खुर्चीर."

श्रीधर खुर्चीतून ताडकन उठला, जणू ती तापली होती. यातलं काही, काहीसुद्धा त्याला आठवत नव्हतं. आपल्याच आयुष्यातल्या तीन सर्वांत वाईट बातम्या आपण पहिल्यांदा ऐकतोय, हे त्याच्या गळी उतरेना. मृणालने कपाटातून एक पाकीट काढून समोर ठेवलं. आत तीन कागद होते, दर वेळी लिहून दिलेला एक. अक्षर त्याचं, सही त्याची.

पहिल्यावर होतं: मी मंडळ सोडतो. राजाचं काम पुरसोला द्यावं.

दुसऱ्यावर: होळीपर्यंत काम करतो, मग सोडतो.

तिसऱ्यावर एकच ओळ होती: मला हे पुन्हा सांगू नका.

"म्हणून सांगितलं नव्हतं," मृणाल म्हणाली. "पण सोमवारी तुम्ही त्यांचं नाव काढायला आलात. नियमाप्रमाणे मला त्यांना विचारावं लागलं."

म्हणजे पुरसोला तेही माहीत होतं. माहीत असून तो आज लुगडं नेसून उभा राहिला होता. श्रीधरला त्याच्याकडे बघवेना.

"राग नाय ईलो माझो?"

"येवक नाय काय? दोन दिस जेवक नाय मी."

"मगे?"

"मगे भूक लागली," पुरसो म्हणाला, आणि दोघंही हसले. हसता हसता श्रीधरला हुंदका आला आणि तो थांबेना. मृणाल पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. चौतीस वर्षांत जो प्रश्न कधी सुचला नव्हता, तो त्याने आता विचारला.

"तुका काय होयां, पुरशा?"

त्र्याऐंशी नवलांकाचा माणूस गडबडून गेला. त्याने तेलकट बोटं पदराला पुसली. "माका राजा होवक नको. आसत दुसरे राजे, बरे आसत. पण तेंच्या तोंडात मी शब्द ठेवलंय तर ते पाठ केल्यासारखे म्हणतले. तुझ्या तोंडातसून माझो शब्द भायर येता, तेवा तो माकाच नवीन वाटता. माका तू समोर होयो. बाकी काय नको."

मृणाल पाणी घेऊन आली, तेव्हा श्रीधर चौथा कागद लिहीत होता. तिने वाचलं आणि पुरसोकडे दिलं.

आधीचे तिन्ही कागद रद्द. मी काम करणार. पण दर खेळाआधी, मुकुट घालण्यापूर्वी, मला सगळं सांगावं. मी रागावलो, रडलो, खोटं म्हणालो, तरी सांगावं.

"खुळो काय तू?" पुरसो उभाच राहिला. "दर खेपेक असोच कोसळतलंस! दर खेपेक नव्यान! आणि सांगतलो कोण? मी?"

"तूच."

"माझ्यान होवचां नाय."

"सोमवारी मी तुझ्यार आळ घेतलंय, पुरशा. ठावक नव्हतां म्हणान घेतलंय. कोसळान परत उभो ऱ्हवतलंय. पण शब्द तुझे आसत ह्यां ठावक नसताना मी मुकुट घालूचंय नाय."

पुरसोने कागद दोनदा वाचला. मग घडी करून कनवटीला लावला.

*

मार्गशीर्षातली पहिली जत्रा. दिवेलागणीची वेळ, देवळाच्या बाजूच्या खोलीत नटांची गर्दी, बाहेर गोड खाज्याच्या दुकानांपुढे पोरांचा कल्ला. श्रीधर आरशासमोर बसून भुवया रंगवत होता. आज त्याची स्वारी खुशीत होती. मालकांनी सांगितलेली कथा झकास होती, माणूस भरपूर जमला होता, आणि दाराशी कमिटीने मंडळाच्या दाखल्याला हार घातला होता. दाखला कशाचा ते त्याने कोणाला विचारलं नाही. असेल काहीतरी.

का कोण जाणे, पुरसोने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. माणसं मुकाट उठून गेली. कोणी श्रीधरकडे बघितलं नाही.

पुरसो लुगडं नेसून तयार होता. त्याने खोलीचं दार लोटलं, पेटारा ओढून श्रीधरच्या समोर बसला आणि त्याच्या हातातली रंगाची काडी काढून बाजूला ठेवली. त्याची बोटं गार होती.

"श्रीधर, तुका येक सांगूचां आसा."

"मगे सांग मरे!" श्रीधर हसून त्याच्याकडे वळला. "तोंड बघ कसां केलंहास. इतक्यां काय झालां?"